फिदेओ, तांके आणि वहीतला तिसरा

सांता मार्ताच्या बातेयात पोस्टमन आला की लोकांची फुकटात करमणूक व्हायची. साखर कारखान्याच्या धुराड्याखाली वसलेली ही ऊसतोड्यांची वस्ती, घरं जेमतेम तीनशे, आणि त्या तीनशे घरांत मिळून खरं नाव वापरणारा माणूस एकही नाही. पाद्री पाणी शिंपडून जे नाव ठेवतात ते चर्चच्या पुस्तकात राहतं. पोर चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत कुणीतरी त्याचे कान, त्याची चाल, नाहीतर त्याच्या आजोबांची एखादी जुनी फजिती धरून दुसरं नाव ठेवलेलं असतं, आणि ते मग मरेपर्यंत सुटत नाही.

मागच्या वर्षी असाच पोस्टमन दुकानापुढच्या बदामाच्या झाडाखाली आला. तिथे चौघे डोमिनो खेळत बसले होते. त्याने लिफाफ्यावरचं नाव वाचलं, "अन्सेल्मो फिलिबेर्त. कोण हो हा?" चौघांनी एकमेकांची तोंडं पाहिली. त्यातला सगळ्यांत जाडा गडी सोंगटी टेबलावर आपटत म्हणाला, "इथे नाही असा कुणी. ला सेइबाला विचारा." पोस्टमन बिचारा अकरा दिवस शेजारची ला सेइबा वस्ती पालथी घालत होता. लिफाफ्यात नवं ओळखपत्र तयार असल्याची चिठ्ठी होती, आणि ओळखपत्र त्या जाड्या गड्याचंच होतं.

तर हा अन्सेल्मो. वय सत्तेचाळीस, धंदा पंखे दुरुस्तीचा. सांता मार्तात वीज जाते तेव्हा गुपचूप जाते, पण परत येताना अशी उसळून येते की घराघरांतले पंखे जळतात. त्यामुळे अन्सेल्मोचं बरं चाललेलं. विशीत तो इतका काटकुळा होता की लोक त्याला फिदेओ म्हणायचे, म्हणजे शेवई. पुढे नेरेदाशी लग्न झालं. नेरेदाच्या हातचा भात, राजमा आणि तळलेली केळी यांनी आपलं काम केलं, आणि तिशी ओलांडेपर्यंत शेवईचा तांके झाला. तांके म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. अन्सेल्मो हे नाव घेणारी जगात एकटी नेरेदाच होती, आणि तीही फक्त राग आला की. त्यामुळे स्वतःचं नाव कानावर पडलं की आधी त्याच्या पोटात गोळा यायचा. पोस्टमनला त्याने नाही म्हटलं यात त्याचा फारसा दोष नव्हता.

पंखे तो पोटासाठी दुरुस्त करायचा. माणूस मुळात पिचर. ऊस गाळपाचा हंगाम संपला की साखर कारखान्यांच्या वस्त्यांमध्ये रविवारची बेसबॉल लीग सुरू होते. त्या लीगमध्ये त्याने बावीस वर्षं चेंडू फेकला आणि एक्केचाळिसाव्या वर्षी, खांदा अगदीच कुरकुरायला लागल्यावर, बूट खिळ्याला टांगले. त्याला कुणी निरोप दिला नाही, की दोन शब्द बोललं नाही. पुढच्या रविवारी चेंडू टाकायच्या मातीच्या ओट्यावर दुसरा पिचर उभा होता, आणि लोक त्याला शिव्या द्यायला लागलेही होते.

लीगला पन्नास वर्षं झाली तेव्हा कमिटीने ठरवलं की शंभर विजय मिळवणाऱ्या पिचरांची नावं मैदानाच्या भिंतीवर रंगवायची. सांता मार्ताच्या जत्रेच्या दिवशी, म्हणजे जुलैच्या शेवटाला, भिंत सगळ्यांना दाखवायची. दोन नावं कुणालाही सांगता आली असती. दोघेही मेलेले. अन्सेल्मोने ही बातमी दुकानातल्या रेडिओवर ऐकली, हातातला पंखा अर्धवट सोडला आणि थेट दोन क्लोदोमिरोंचं घर गाठलं.

दोन क्लोदोमिरो म्हणजे निवृत्त मास्तर. यातलं 'दोन' आकड्यातलं नव्हे; तिकडे मानाने हाक मारताना पुरुषाच्या नावाआधी दोन लावतात, बाईच्या नावाआधी दोन्या. लीगचा पहिला सामना झाला त्या दिवसापासून गुणलेखक. घामाच्या धारा लागल्या तरी सदऱ्याचं वरचं बटण न काढणारा माणूस. आपल्याला टोपणनाव नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. अख्खं गाव त्यांना पाठीमागे लिब्रेता म्हणायचं, म्हणजे वही.

"दोन क्लोदोमिरो, माझे शंभर विजय आहेत," अन्सेल्मो म्हणाला.

"नाव?"

"अहो, अठ्ठावीस वर्षं ओळखता मला. परवाच तुमचा पंखा..."

"मी ओळखतो रे. वही नाही ओळखत. नाव सांग."

"अन्सेल्मो फिलिबेर्त."

मास्तरांनी चष्मा लावला, कपाटातून लांबट वह्यांचा गठ्ठा काढला आणि बराच वेळ पानं उलटली. "शून्य," ते म्हणाले. "या नावाचा माणूस आमच्या लीगमध्ये कधी उतरलेलाच नाही. ला सेइबाला विचार."

पोस्टमनची गोष्ट त्यांच्याही कानावर होती तर. अन्सेल्मोने ओठ चावला.

"मग फिदेओ बघा. आणि तांके बघा."

"फिदेओ, अठ्ठावन्न. तांके, एक्केचाळीस."

"आता करा बेरीज."

"नव्याण्णव होतात. आणि तीसुद्धा दोन वेगवेगळ्या माणसांची."

 अन्सेल्मोने रात्र रात्र जागून विजय मोजले होते. एकेक सामना, एकेक रविवार. त्याच्या हिशेबी शंभर पुरे भरत होते. पण समोर मास्तरांचं ते खडूसारखं सरळ अक्षर, त्याच्यापुढे आपल्या डोक्यावर कोण भरवसा ठेवणार? चुकलो असेन, त्याला वाटलं. बावीस वर्षांत एक इकडचा तिकडे व्हायचाच.

"पण दोन माणसं कुठली, दोन क्लोदोमिरो? मीच फिदेओ, मीच तांके."

"मला ठाऊक आहे. पण हे बघ, फिदेओच्या पानावर मीच टिपून ठेवलंय: बारीक, हळू, झोपाळा टाकतो. तांकेच्या पानावर: जाडा, जोरात, सरळ. उद्या ला सेइबावाले विचारतील, हे दोघे एक कसे? मी काय सांगू, लग्न झालं म्हणून?"

झोपाळा हा फिदेओचा खास चेंडू. तो हातातून सुटायचा आणि बॅटवाल्यापुढच्या प्लेटजवळ आल्यावर, दोन झाडांना बांधलेल्या झोपाळ्यासारखा, मध्येच खाली झोल घ्यायचा. तेवढ्यात गड्याची बॅट फिरून गेलेली असायची. पण त्या चेंडूत कोपर असं पिळवटायचं की संध्याकाळी हातात चमचा धरवत नसे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नेरेदाने फर्मान काढलं, आणि झोपाळा बंद झाला.

"सामन्यात माझ्यासमोर एक झोपाळा टाक," मास्तर वही मिटत म्हणाले. "दोघे एक झाले असं मी सहीनिशी लिहीन. आणि तो सामना जिंकलास तर शंभर होतील. जत्रेच्या आधी एकच रविवार उरलाय."

घरी येऊन त्याने ही गोष्ट शक्य तितक्या सहज नेरेदाच्या कानावर घातली. नेरेदा यानिकेकेचं पीठ मळत होती. मैदानाच्या फाटकाशी त्या कडक पुऱ्या तळून विकायचा तिचा धंदा होता.

"अन्सेल्मो फिलिबेर्त," ती म्हणाली.

"ऐकून तर घे."

"काय ऐकू? दुकानापर्यंत चालत गेलास तर येताना भाड्याच्या मोटारसायकलवर बसून येतोस. आणि आता झोपाळा?"

"भिंतीवर नाव येईल, नेरे. बाबांनी ठेवलेलं नाव. ते मेल्यापासून नीट कुणी घेतलंच नाही."

"मी घेते की."

"तू भांडताना घेतेस."

नेरेदाने पिठावर मूठ आपटली. "एक सांगून ठेवते. कोपर गेलं तर चमच्याने भरवायला चिवोला बोलाव. मी हात लावणार नाही." एवढं बोलून ती मागच्या खोलीत गेली आणि ट्रंकेतून त्याचा जुना सदरा काढून उन्हात टाकला. सदऱ्याची बटणं पोटावर एकमेकांना भेटायला राजी नव्हती, म्हणून तिने दोन्ही बाजूंना कापडाच्या पट्ट्याही शिवल्या. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, पण रोज संध्याकाळी रममध्ये कापूर विरघळवून त्याचा खांदा चोळत राहिली.

चिवो, म्हणजे बोकड, हा संघाचा मॅनेजर आणि फिदेओच्या काळातला कॅचर, म्हणजे त्याचे चेंडू झेलणारा. दाढीमुळे हे नाव पडलेलं. अन्सेल्मोच्या मुलीचा तो धर्मपिता, म्हणून दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. दोघांनी कोंबड्यांच्या खुराड्यामागे पाच दिवस सराव केला. पहिल्या दिवशी झोपाळ्याने एक कोंबडी मारली. चौथ्या दिवशी चेंडूने मध्येच झोल घेतला आणि चिवोच्या गुडघ्यावर बसला. चिवो जमिनीवर बसून गुडघा धरून हसत राहिला.

"आला रे आला, कोंपाद्रे. म्हातारा झालाय, पण आला."

रविवारी प्रतिस्पर्धी ला सेइबा, आणि चेंडू झेलायला चिवो स्वतःच मोजा घालून उतरला. अन्सेल्मोने चिवोला बजावलं होतं की यादीत नाव द्यायचं ते खरंच द्यायचं. चिवोने ओट्याकडे हात करून ओरडून सांगितलं, "पिचर, अन्सेल्मो फिलिबेर्त!" मास्तरांनी लिहून घेतलं. लोक माना उंचावून फाटकाकडे बघू लागले.

"कोण आणलाय? राजधानीतला आहे का?"

"फिलिबेर्त म्हणजे समुद्रापलीकडच्या बेटावरचा असणार. तिकडचे पिचर जोरात टाकतात."

"मग ही टाकी कशाला उभी केलीय ओट्यावर? तो येईपर्यंत पाणी पाजायला?"

अन्सेल्मोने पहिला चेंडू टाकला तरी अर्धं मैदान पिचरची वाट बघत होतं. समजलं तेव्हा असा हशा पिकला की अंपायरला सामना थांबवावा लागला. "तांके, झडपेत गळती आहे रे," "तांके, घरी पंखे वाट बघतायत," असं काय काय चाललं होतं. अन्सेल्मोला बरं वाटलं. शिव्या मिळाल्या की माणूस आपल्या मैदानावर असल्यासारखा वाटतो.

पहिले दोन डाव त्याने जाड्याच्या अकलेने काढले. सरळ चेंडू, पण कोपऱ्यावर. ला सेइबाने दोन धावा काढल्या, सांता मार्ताने तीन. तिसऱ्या डावात समोर त्यांचा एक वीस वर्षांचा धिप्पाड गडी आला. तो बॅट खांद्यावर टाकून म्हणाला, "काका, जपून. पडलात तर उचलणार कोण?"

"दोघे लागतील, बाळा. तू तुझ्या भावाला बोलावून ठेव," अन्सेल्मो म्हणाला, आणि त्याने चेंडूवर बोटं वेगळी बसवली.

चेंडू सुटला. गड्याची बॅट फिरली. चेंडू त्यानंतर आला, सावकाश, झोल घेत, आणि चिवोच्या हातमोज्यात विसावला. गडी स्वतःभोवती फिरून खाली बसला.  म्हाताऱ्या माणसांच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "फिदेओ." अन्सेल्मोने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांची पेन्सिल हवेतच थांबली होती, आणि ते त्याच्याकडे न बघता अंपायरच्या जागेकडे बघत होते.

पुढच्या दोन डावांत त्याने आणखी सहा झोपाळे टाकले. प्रत्येकागणिक कोपरातून कुणीतरी तार ओढून काढतंय असं व्हायचं. नियम साधा आहे: सुरुवात करणाऱ्या पिचरने पाच डाव पुरे टाकले आणि संघ पुढे असला, तरच विजय त्याच्या नावावर. पाचव्या डावात दोन गडी बाद झाले. एकच उरला होता. पण बोटांना आता चेंडू लागत नव्हता. चेंडू भरकटत गेले आणि एकापाठोपाठ तीन गड्यांना त्याने फुकट बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे थांबे, देऊन टाकले. तिन्ही बेस भरले, आणि तोच धिप्पाड गडी पुन्हा आला. या खेपेला तो हसत नव्हता.

चिवो चालत ओट्यापाशी आला. "एकच गडी आहे, कोंपाद्रे."

"हो."

"टाकू शकशील?"

अन्सेल्मोने फाटकाकडे पाहिलं. नेरेदा कढईवर झारा धरून उभी होती आणि पुऱ्या करपत होत्या. तिच्या पुऱ्या कधी करपत नाहीत. टाकावा का? नशीब असेल तर गडी चुकेल, आणि भिंतीवर नाव. नसेल तर चेंडू कुंपणापलीकडे उसात, चार धावा, आणि नऊ जणांचा रविवार पाण्यात. त्याला नाव हवं होतं, फार हवं होतं. त्याने उजव्या हाताने चेंडू द्यायला पाहिलं, पण तो हात उठेना, म्हणून डाव्या हाताने तो चिवोच्या मोज्यात ठेवला.

"बोंबिल्योला बोलाव," तो म्हणाला.

बोंबिल्यो, म्हणजे बल्ब, या गोल डोक्याच्या नव्या पिचरने तीन चेंडूंत गडी काढला. सांता मार्ताने सामना जिंकला आणि विजय बोंबिल्योच्या पानावर गेला. अन्सेल्मो ओट्यावरून उतरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोड्याशा. एकाने त्याला दुपारी आपला टेबलफॅन घेऊन यायची आठवण करून दिली.

सोमवारी सकाळी नेरेदा त्याला चमच्याने उकडलेल्या केळ्याचा लगदा भरवत होती. चिवो दारात उभा होता. "मला बोलावणं येईल म्हणून आलो होतो," तो म्हणाला. नेरेदाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दाढी खाजवत बाहेरच बसला.

तेवढ्यात दोन क्लोदोमिरो आले. वरचं बटण उघडं होतं. काखेत एकच वही होती, जुनी, कोपरे वाळवीने खाल्लेली.

"दोन्या नेरेदा," ते म्हणाले, "तुमचे वडील अंपायर होते ना?"

"होते. का?"

"काल तो चेंडू पाहिला आणि मला आठवलं. फिदेओ हे नाव पडायच्या आधी तो चेंडू मी एकदा पाहिलाय. तेव्हाही माझी पेन्सिल थांबली होती. तुमच्या वडिलांनी चांगल्या स्ट्राइकला, म्हणजे नेमक्या पडलेल्या चेंडूला, वाईट म्हटलं होतं, आणि तेही पाच वेळा. एवढा सरळ माणूस, आणि असं का करतोय, मला कळेना. म्हणून रात्रीच वही काढली." त्यांनी पान उघडलं. हे पान एकेकच सामना खेळून गेलेल्यांचं होतं. "हे बघा. आमचा पिचर एका बारशाला गेला होता, तो शुद्धीवर आला नाही. दुसऱ्याच कुठल्या बातेयातून आलेला एक काटकुळा पोरगा ओट्यावर उभा राहिला. मी लोकांना विचारलं, हा कोण? लोकांनी जे सांगितलं ते मी लिहिलं."

नेरेदाने वाचलं आणि चमचा बशीत ठेवला. मास्तरांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: नेरेदाचा. विजय, एक.

"मी तुझ्याकडे आलो होतो," अन्सेल्मो म्हणाला. "चोरून. तूच मॅनेजरला सांगितलंस, याला फेकता येतं म्हणून."

"आणि सगळ्या मैदानाने ओरडून सांगितलं, नेरेदाचा आहे, नेरेदाचा आहे," नेरेदा म्हणाली. "बाबा प्लेटमागेच उभे. तिथेच कळलं त्यांना. म्हणून पाच स्ट्राइक खाल्ले. घरी आल्यावर मला चार महिने मैदानावर जाऊ दिलं नाही." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिने पदर नाही म्हणून लगद्याने माखलेला हात तोंडाला लावला.

"म्हणजे शंभर," मास्तर म्हणाले. "तुझं बरोबर होतं. वही चुकली नाही, पण मी तिच्यात नीट पाहिलं नाही. याबद्दल मला माफ कर." मास्तर कुणाची माफी मागताना अन्सेल्मोने पहिल्यांदाच पाहिले.  "आता एकच अडचण आहे. भिंतीवर जागा एका ओळीची. फिदेओ लिहू, तांके लिहू, की हे?"

"हे लिहा," अन्सेल्मो लगेच म्हणाला.

"अजिबात नाही," नेरेदा म्हणाली. "लिहा, अन्सेल्मो फिलिबेर्त."

"अगं, कुणाला कळणार?"

"नाही कळलं तर विचारतील. त्याच्या बाबांनी ठेवलेलं नाव आहे, दोन क्लोदोमिरो. अठ्ठावीस वर्षं मी एकटीने सांभाळलंय. आता थोडं भिंतीने सांभाळू दे."

जत्रेच्या दिवशी भिंत उघडली. बँड वाजला, कमिटीच्या माणसाने लांबलचक भाषण केलं, वीज गेली, परत आली, लोकांनी विजेला टाळ्या वाजवल्या. नेरेदाच्या कढईपुढे रांग लागली होती. अन्सेल्मो गळ्यातल्या झोळीत हात अडकवून मागच्या खुर्चीवर बसला होता. सकाळपासून तीन जणांनी त्याला विचारलं होतं की भिंतीवरचा तिसरा कोण. त्याने सांगितलं, आणि तिघांनाही ती थट्टा वाटली.

मग पोस्टमन आला. पुरी घेता घेता त्याने भिंतीकडे पाहिलं आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

"हा इथलाच निघाला? या माणसापायी मी अकरा दिवस ला सेइबात उन्हात फिरलो. कोण आहे हा अन्सेल्मो फिलिबेर्त?"

रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "असेल कुणी जुना," एक जण म्हणाला. "वरचे दोघे मेलेत, हाही गेला असेल."

नेरेदाने पुरी उलटली. "माझा आहे," ती म्हणाली.

"तुमचा कोण?"

"माझा. शंभर विजय आहेत त्याचे." तिने झाऱ्याने मागे दाखवलं, आणि मग सगळ्या रांगेला, बँडलाही ऐकू जाईल अशा आवाजात, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच राग नसताना तिने हाक मारली, "अन्सेल्मो फिलिबेर्त!"

अन्सेल्मोच्या पोटात सवयीने गोळा आला. मग तो खुर्चीवरून उठला आणि त्याने डावा हात वर केला, कारण उजवा अजून उठत नव्हता.